पेशीचा श्वास आणि जांभळा रंग

‘चयापचय’ हा शब्द आतां शाळकरी मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. परंतु त्याच्या पोटांत दोन शब्द आहेत, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ‘चि’ या धातूचा अर्थ रचणें, सांठविणें. त्यावरून झाला चय. आणि रचलेलें मोडणें तो अपचय. अन्नापासून शरीर घडविणें हा चय व अन्न हळूहळू जाळून शक्ति मोकळी करणें हा अपचय. हीं दोन्हीं कामें अहोरात्र चाललेलीं असतात, आणि तीं नुसत्या पोटांत किंवा फुप्फुसांत नव्हे, तर शरीरांतील प्रत्येक जिवंत पेशींत. तीं कायमचीं थांबलीं म्हणजे पेशी मेली असें समजावें. मग जी पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतहि नाहीं, तिच्या आंत चाललेली ही घडामोड मोजावयाची कशी? या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. विषय रुक्ष वाटेल खरा. परंतु याच मोजमापाच्या आधारावर रचलेलीं औषधांचीं पत्रकें आज घरोघरीं येऊन पडत आहेत, आणि त्यांवर विसंबून कुटुंबांत मोठमोठे निर्णय घेतले जात आहेत.

मोजण्याचा पहिला मार्ग उष्णतेचा. लाव्हॉझिए आणि लाप्लास या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं बर्फानें वेढलेल्या भांड्यांत एक गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उबेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें, व आपले निष्कर्ष १७८३ सालीं मांडले. श्वसन म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलनच होय, हा सिद्धान्त त्यांतून पुढें आला. आपल्याकडे कांदाचाळ बांधणारा शेतकरी ही गोष्ट ग्रंथ न वाचतांहि जाणतो. ढिगांतला कांदा श्वास घेतो, तापतो, त्याला घाम सुटतो. म्हणून चाळीला खालून व बाजूंनीं वारा खेळता ठेवावा लागतो. दुसरा मार्ग वायूचा. जर्मनींत ओटो वारबुर्ग यांनीं ऊतीची पातळ चकती बंद कुपींत ठेवून, तिनें ओढून घेतलेल्या प्राणवायूमुळें कुपींतील दाब किती उतरला, हें वांकड्या नळींतील द्रवाच्या पातळीवरून वाचण्याची पद्धति रूढ केली. पेशींच्या श्वसनावरील संशोधनाबद्दल त्यांना १९३१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तिसरा मार्ग रंगाचा, आणि आपल्याला काम आहे तें त्याच्याशींच. अन्नांतून सुटलेले इलेक्ट्रॉन थेट प्राणवायूला जाऊन मिळत नाहींत. आग लागली असतां माणसें रांगेनें उभीं राहून विहिरीची घागर हातोहात पुढें देतात, तसे ते एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे सोंपविले जातात व अखेरीस प्राणवायूच्या पदरीं पडतात. १९२५ सालीं केंब्रिज येथें डेव्हिड केलिन यांनीं या रांगेंतील कांहीं गडी प्रत्यक्ष पाहिले. वर्णपटदर्शकांतून यीस्टकडे पाहतां त्यांना काळसर पट्टे दिसले. यीस्ट हवेंत हालविलें कीं पट्टे लोपत आणि स्तब्ध ठेविलें कीं पुन्हां उमटत. या द्रव्यांना त्यांनीं सायटोक्रोम असें नांव दिलें.

याच रांगेशीं एका मराठी मुलीचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. कमला भागवत या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. वडील व चुलते दोघेहि रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं मुलींना घ्यावयाचें नाहीं म्हणून तो नाकारला. बाई मागें फिरल्या नाहींत. अखेर एक वर्षाच्या परीक्षार्थ मुदतीवर, व त्यांच्या उपस्थितीनें पुरुष विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होऊं नये अशा अटीवर, प्रवेश मिळाला. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यालाहि विद्या कोणाच्या अंगीं आहे हें कळावयास एक वर्ष लागावें, याचें नवल वाटतें. १९३६ सालीं एम्. एस्सी. होऊन त्या पुढें केंब्रिजला गेल्या, आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेंत वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास करूं लागल्या. बटाट्यावर काम करीत असतां त्यांना आढळलें कीं, प्राण्यांच्या पेशींत असणारें सायटोक्रोम-सी वनस्पतींच्या पेशींतहि आहे. या संशोधनावर १९३९ सालीं त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. हल्लींच्या जाडजूड प्रबंधांकडे पाहतां हें मुद्दाम नमूद करावेंसें वाटतें. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या व मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत जीवरसायनाचा विभाग त्यांनीं नांवारूपास आणला. स्वयंपाकघरांतील टोपलींत निमूट पडलेला बटाटा आपल्या हृदयाच्या स्नायूंसारख्याच साधनानें श्वास घेत असतो, हें कळल्यावर भाजी चिरतांना हात क्षणभर थबकल्यावांचून राहत नाहीं.

आतां असें समजा कीं, त्या घागरींच्या रांगेंत मध्येंच एखादा उपरा येऊन उभा राहिला आणि घागर त्यानेंच घेतली. मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग नेमकें हेंच करतो. पेशीकडून इलेक्ट्रॉन मिळाले कीं तो वर्णहीन होतो. शिक्षकी करीत असतां मीं हा प्रयोग वर्गांत पुष्कळ वेळां करून दाखविला आहे: कोमट पाण्यांत थोडें यीस्ट, चिमूटभर साखर, वर रंगाचे दोन थेंब. कांहीं मिनिटांत नळी पांढुरकी होते. अंगठा लावून ती जोरानें हालविली कीं हवेंतील प्राणवायु मिळून निळाई परत येते. मागच्या बांकावरचीं मुलेंहि उठून पुढें येत. दुधाची जुनी परीक्षा याच तत्त्वावर आहे. दहा मिलिलीटर कच्च्या दुधांत एक मिलिलीटर रंग घालून तें अंगाच्या उष्णतेइतक्या, म्हणजे ३७ अंशांच्या, पाण्यांत ठेवतात. पांच तास किंवा अधिक निळें राहिलें तर दूध उत्तम. अर्ध्या तासाच्या आंतच निळाई गेली तर त्यांत जंतु बुजबुजले आहेत असें समजावें. आरेच्या दूधप्रकल्पाला दर्जा सुधारण्याच्या कामीं सल्ला देणाऱ्यांत कमलाबाईहि होत्या. येथें एक खूण बांधून ठेवावी: ही परीक्षा दुधाची म्हणवते, पण मोजते ती दुधांतील जंतूंचा श्वास.

भाईंदरच्या पश्चिमेस, वसईच्या खाडीच्या मुखाशीं चौक नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. तेथील बंदरावर मासळी घेणारी बाई प्रथम माशाचा कल्ला उचलून आंतली लाली पाहते, हें मीं दुरून पाहिलें आहे. (सोवळ्या वाचकांनीं दृष्टान्तापुरती क्षमा करावी.) रंगावरून परीक्षा करण्याची विद्या प्रयोगशाळेच्या फार पूर्वीची आहे. प्रयोगशाळेनें तिला आंकड्यांत बसविलें, इतकेंच. परंतु आंकडा पुढें आला कीं माणूस रंगाची आठवण विसरतो, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

मेथिलीन ब्ल्यूच्या उलट वागणारा एक वर्ग आहे. त्याला टेट्राझोलियम क्षार म्हणतात. हे आरंभीं वर्णहीन किंवा फिकट असतात व इलेक्ट्रॉन मिळाले कीं गडद होतात. १९४० नंतरच्या दशकांत जर्मनींत लाकोन यांनीं बियाण्याच्या परीक्षेसाठीं त्यांचा उपयोग केला. भिजविलेलें बीं उभें चिरून द्रावणांत ठेविलें म्हणजे जिवंत अंकुर कांहीं तासांत तांबडा होतो, मेलेला फिकटच राहतो. पेरून आठवडाभर वाट पाहणें नको. याच कुळांतील एमटीटी नांवाचा पिवळा क्षार घेऊन टिम मोसमन यांनीं १९८३ सालीं आजची सुप्रसिद्ध पद्धति प्रसिद्ध केली. पोस्टकार्डाहून किंचित लहान अशी प्लॅस्टिकची तबकडी असते, तिच्यांत आठ ओळींत बारा-बारा, मिळून ९६ इवल्याशा वाट्या. प्रत्येक वाटींत कांहीं हजार पेशी ठेवून त्यांवर औषध घालतात. एक-दोन किंवा तीन दिवसांनीं त्यांत एमटीटी सोडतात. तीन-चार तासांत जिवंत पेशींतील विकरें, म्हणजे एन्झाइमें, त्याचे जांभळे स्फटिक बनवितात. ते विरघळवून यंत्रानें रंगाची गडदता मोजावयाची. औषध न घातलेल्या वाटीचा रंग शंभर धरला, तर इतर वाट्यांचा किती तें काढावयाचें. एका दिवसांत शेंकडों निकाल हातीं येतात, म्हणून ही रीत जगभर पसरली.

या वाट्यांत घालावयाच्या पेशी शरीराबाहेर पोसण्याची कला ती ऊतिसंवर्धन. आणि येथें दुसऱ्या कमलाबाई भेटतात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतील प्राध्यापक समर्थ यांच्या कन्या कमला, पुढें कमला रणदिवे, यांनीं डॉ. खानोलकरांच्या हाताखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं ही कला आत्मसात केली. १९५१ सालीं हेनरिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या अर्बुदांतून घेतलेल्या व आजतागायत वाढत असलेल्या ‘हीला’ पेशी याच गाय यांनीं जोपासलेल्या. परत येऊन रणदिवे यांनीं मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें भारतांतील पहिली ऊतिसंवर्धन-प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून देशभरच्या संशोधकांना अशा पेशी पुरविल्या जातात.

आतां ज्यासाठीं हें सारें सांगितलें त्याकडे वळूं. गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी एक पत्रक घेऊन आला. त्याच्या आईस स्तनाचा कर्करोग. रुग्णालयांतील उपचारांच्या तीन फेऱ्या झालेल्या, केंस गेलेले, अन्न नकोसें झालेलें. चुलत्यांनीं आणलेल्या त्या पत्रकांत एका वनस्पतीच्या अर्काविषयीं छापलें होतें कीं, तो कर्करोगाच्या पेशी मारतो व निरोगी पेशींचें चैतन्य वाढवितो, आणि हें प्रयोगशाळेंत सिद्ध झालें आहे. खालीं एमटीटीचा आलेख होता. घरांतील वडीलधाऱ्यांचें मत पुढची फेरी टाळून हा काढाच द्यावा असें पडलें होतें. आलेख खोटा होता असें मी म्हणत नाहीं. तो काय सांगतो व काय सांगत नाहीं, एवढेंच मीं त्या घरीं जाऊन सांगितलें.

जांभळा रंग कमी झाला याचा अर्थ पेशी मेल्याच असा होत नाहीं. त्या सुस्तावल्या असतील, त्यांची वाढ थांबली असेल. औषध दूर होतांच पुन्हां जोमानें वाढूंहि लागतील. रंग विकरांच्या कामाचा निदर्शक आहे, पेशींच्या शिरगणतीचा नव्हे. उलट बाजूनें पाहावें तर ‘चैतन्य वाढतें’ हें विधान अधिकच संशयास्पद आहे. क जीवनसत्त्व आणि वनस्पतींतील कित्येक ऑक्सिडीकरण-विरोधी द्रव्यें पेशींच्या मदतीवांचून, स्वतःच एमटीटीला जांभळा करतात. वाटींत पेशीच नसली तरी रंग येतो! तेव्हां अर्कानें रंग वाढला तो पेशी तरतरीत झाल्यामुळें कीं अर्काच्या अंगच्या गुणामुळें, हें कळण्यासाठीं पेशी न घालतां केवळ अर्क व रंग घातलेली एक वाटी त्याच तबकडींत ठेवावी लागते. जाणता संशोधक ती ठेवतो. पत्रकांत तिचा उल्लेख नव्हता.

मात्रेचा प्रश्न याहून मोठा. वाटींतील पेशी उघडी असते. तिला ना यकृत, ना आंतडें, ना रक्ताचा प्रवाह. तिच्यावर मीठ किंवा व्हिनेगर पुरेसें ओतलें तरी ती मरते. अर्काची जी तीव्रता वाटींत काम करते, ती पोटांत घेतल्यावर रक्तांत पोंचते काय? हळदींतील कुर्कुमिनाचें उदाहरण बोलकें आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं त्यावरील संशोधनाचा आढावा घेऊन दाखविलें कीं, तें द्रव्य अनेक परीक्षांना चकवितें, लवकर विघटित होतें आणि शरीरांत फारच थोडें शोषिलें जातें. हळदीचें स्वयंपाकांतील स्थान यानें ढळत नाहीं. तिच्या नांवावर विकल्या जाणाऱ्या आशेचें मात्र ढळतें.

चुलते रागावले. “मग ही परीक्षा करतातच कशाला?” असें त्यांनीं विचारलें. प्रश्न रास्त होता. ही परीक्षा चाळणीसारखी आहे. हजार द्रव्यांतून पुढें तपासण्याजोगीं दहा निवडावयास ती उत्तम. शिवाय शहाणे लोक एकाच चाळणीवर विसंबत नाहींत. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेंत कर्करोगावरील नव्या द्रव्यांच्या प्राथमिक परीक्षेसाठीं सल्फोऱ्होडामाइन-बी हा रंग वापरतात. तो पेशींतील प्रथिनांना चिकटतो. श्वासाशीं त्याचा संबंध नाहीं. आणि त्या चाळणींतून उतरल्यावरहि प्राण्यांवरील प्रयोग, मग माणसांवरील टप्प्याटप्प्यांच्या चांचण्या, असा वर्षानुवर्षांचा मार्ग राहतो. रुग्णालयांतील औषधें तो मार्ग चालून आलेलीं आहेत, काढा चाललेला नाहीं, एवढाच फरक मीं चुलत्यांपुढें ठेविला.

माउली सारा वेळ आंतल्या खोलीच्या दारांत बसून ऐकत होती. तिनें एकच विचारलें, “गुरुजी, त्या वाटींत माझ्याच पेशी होत्या का हो?” नव्हत्या, असें मीं सांगितलें. चौथ्या फेरीला ती ठरल्या दिवशीं गेली, आणि पुढील फेऱ्याहि पुऱ्या केल्या. पत्रकावरील पत्त्यावर मीं त्या रिकाम्या वाटीविषयीं विचारणा करणारें पत्र धाडलें होतें. उत्तरादाखल अर्काचें दरपत्रक आलें.