अळू खाजतं? घाई करू नका!

मैत्रिणींनो, श्रावणात मंडईत अळूच्या जुड्या दिसू लागल्या की मला माझी फजिती आठवते. लग्नानंतरचा पहिलाच पावसाळा. शाळा गाठायची घाई, म्हणून फदफदं जेमतेम शिजवलं आणि चिंच घालायची तर विसरलेच! पहिल्या घासालाच मामंजींचा घसा धरला. बिचारे काही बोलले नाहीत. ताक पिऊन उठले. पण पुढे दोन वर्षं आमच्या घरात अळू आलं नाही.

अळू खाजतं तरी कशानं? त्याच्या पानांत, देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळू कच्चं राहिलं की ते जिभेला, घशाला टोचतात. म्हणून मुलांना कच्चं पान कधी चघळू देऊ नका. घसा नुसता खवखवला तर गार दूध किंवा दही द्या. पण ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

भाजीचं अळू हिरव्या देठाचं, वडीचं काळसर देठाचं. नेहमीच्या भाजीवालीकडूनच घ्यावं. गटाराकाठी उगवलेलं फुकट मिळालं तरी नको!

चिरण्यापूर्वी हातांना तेल लावा. पानं दोन-तीन पाण्यांनी धुवा, देठं सोला. 10-12 पानं देठांसकट बारीक चिरून, भिजवलेली अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर दाण्यांबरोबर कुकरमध्ये मऊ शिजवा. मग चांगलं घोटून, डाळीचं पीठ लावून, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि गूळ घालून 10 मिनिटं खळखळ उकळा. चिंचेऐवजी आंबट चुका किंवा आमसुलंही चालतात. आंबटानं खाज मरते हा आपल्या आज्यांचा अनुभव, पण मुख्य काम आचेचं. वड्यांनाही तेच लागू. शिरा लाटण्यानं दाबून घ्या, पिठात चिंच घाला आणि उंडे आतपर्यंत वाफवल्यावरच तळा.

एवढा खटाटोप कशाला, असं म्हणाल. अहो, या पानांत ‘अ’ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन भरपूर, शिवाय लोह, फॉलिक आम्ल आणि चोथा. कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा, तेव्हा फोडणीत तेलाची फार कंजुषी नको. कॅल्शियमही असतं, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं. म्हणून अळू खाल्लं तरी दूध-दही सोडू नका.

ज्यांना ऑक्झलेटचा मुतखडा झालाय त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अळू खाऊ नये. पानं उकळून पाणी टाकलं तर ऑक्झलेट कमी होतं, पण सगळं जात नाही. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, हेही लक्षात ठेवा.

मामंजींना आता मुतखड्यामुळे अळू बंद आहे. मला छान जमायला लागलं आणि त्यांचं पथ्य सुरू झालं! ‘वाटीभर दे गं, काही होत नाही,’ म्हणतात. जीव तुटतो, पण मी देत नाही. त्यांच्यासाठी त्या दिवशी तीच चिंचगुळाची चव देऊन दुधीची पातळ भाजी करते. आग्रह करून वाढणं आपल्याला शिकवलेलंच असतं. कधी हात आखडता घेणंही शिकावं लागतं, नाही का?