बोट तापतेय? आधी प्रॉप बघा, पाणी नंतर

इलेक्ट्रिक बोटी सध्या बातम्यांत आहेत. 2024 मध्ये ई1 ही इलेक्ट्रिक बोटींची जागतिक शर्यत सुरू झाली आणि विराट कोहली तिथल्या एका टीमचा सहमालक आहे. कोचीत वॉटर मेट्रो धावतेय, मुंबईत तशी सेवा आणायची चर्चा आहे. हे सगळं बघून रिमोटवरची छोटी बोट घ्यावीशी वाटणाऱ्यांना ऑनलाइन दुकानांत एक शब्द हमखास दिसतो : 'वॉटर कूल्ड'. म्हणजे मोटर पाण्याने थंड होते, मग मोठी बॅटरी लावा आणि पळवा, असा अनेकांचा समज होतो.

इथेच पैसे जळतात. कूलिंग फक्त तयार झालेली उष्णता बाहेर नेतं. उष्णता किती तयार होणार हे बरंचसं मागे फिरणारा प्रोपेलर, म्हणजे प्रॉप, ठरवतो.

उष्णता येते कुठून?

गेम खेळताना फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. बोटीची मोटर असं काही करत नाही. प्रॉपला पाणी कापायला जितका जोर लागेल तितका करंट ती बॅटरीकडून ओढत राहते. आणि करंट दुप्पट झाला की तारांमधली उष्णता चौपट होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

रेसिंगच्या प्रॉपवर अनेकदा 440 सारखा आकडा असतो. यातला 40 म्हणजे 40 मिलिमीटर व्यास. 4 म्हणजे पिच व्यासाच्या 1.4 पट, म्हणजे 56 मिलिमीटर. स्क्रू एका फेरीत जसा लाकडात पुढे सरकतो, तसा हा प्रॉप एका फेरीत कागदावर 56 मिलिमीटर पुढे जातो. पाण्यात तो थोडा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी.

आता 36 चा प्रॉप काढून त्याच घडणीचा 40 चा लावला, तर फरक फक्त 4 मिलिमीटरचा. पण फेऱ्या तेवढ्याच ठेवायच्या तर लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. म्हणजे ताकद आणि करंट जवळजवळ 1.7 पट, उष्णता सुमारे 2.9 पट. वेग मात्र फार तर 11 टक्के वाढणार.

बॅटरीचं गणित याहून कडक आहे. 2एस म्हणजे 7.4 व्होल्ट, 3एस म्हणजे 11.1. प्रॉप तोच ठेवून 3एस लावली तर फेऱ्या दीडपट होतात, करंट सव्वादोन पट आणि उष्णता पाचपट! भार वाढल्यावर मोटर थोडी मंदावते, म्हणून प्रत्यक्ष आकडे जरा कमी येतात. पण दिशा हीच.

पाणी नेमकं काय थंड करतं?

बोटीच्या मागच्या बाजूला पाणी आत घेणारी नळी असते. बोट पळते तेव्हा पाणी दाबाने त्यात शिरतं, मोटरवरच्या ॲल्युमिनियमच्या जॅकेटमधून आणि वेग सांभाळणाऱ्या ईएससीमधून फिरतं आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. यात दोन अडचणी आहेत.

पहिली, बॅटरी या वाटेवर नसते. करंट तीही तेवढाच देते आणि बंद डब्यात गुपचूप तापते. लायपो बॅटरी 60 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये असं मानलं जातं. त्यापुढे ती फुगू शकते, पेटूही शकते.

दुसरी अडचण जास्त धोक्याची. पाणी येतं ते बोट पुढे जातेय म्हणून. आपल्याकडच्या अनेक तलावांत जलपर्णी असते. ती प्रॉपमध्ये अडकली की मोटर जवळजवळ थांबते, करंट उसळतो आणि बोट उभी असल्यामुळे पाणीही येत नाही. कूलिंग सर्वात जास्त हवं असतं, नेमकं तेव्हाच ते बंद. अशा वेळी थ्रॉटल लगेच शून्यावर आणा. जोर लावून बोट सोडवायला गेलात की ईएससी गेलाच म्हणून समजा.

मग करायचं काय?

- बॅटरीचे व्होल्ट वाढवलेत तर प्रॉप लहान करा. दोन्ही एकदम वाढवू नका.
- एका वेळी एकच बदल. 2 मिनिटं पळवा, किनाऱ्यावर आणा, मोटर, ईएससी आणि बॅटरी तिघांचं तापमान बघा.
- त्यासाठी वस्तूंचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कपाळावर धरायचा चालणार नाही, त्याची मर्यादा ताप मोजण्यापुरतीच असते.
- बाजूच्या भोकातून धार पडतेय का, हे बोट चालू असताना बघा. धार बारीक झाली तर नळीत कचरा आहे.
- शाफ्टला ग्रीस लावा, धातूचा प्रॉप बॅलन्स करा. घर्षण आणि थरथर यांचंही बिल बॅटरीच भरते.

मोटर जास्त तापली तर नुकसान तारांपुरतं राहत नाही. आतले साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या आसपास कमजोर व्हायला लागतात आणि नंतर थंड झाले तरी गेलेली ताकद आपोआप परत येत नाही. 'मोटर चालतेय, पण आधीसारखी मजा नाही' या तक्रारीमागे हेही एक कारण असू शकतं.

मोठ्या बोटी काय करतात?

मोठ्या बोटींनाही हेच गणित लागू आहे, म्हणून त्या आधी गरज कमी करतात. केरळमध्ये 2017 पासून चालणारी आदित्य ही सोलर फेरी 75 प्रवासी नेते, आणि तिच्या मोटर फक्त 20 किलोवॅटच्या दोन आहेत. सडपातळ जोडहोड्यांची रचना आणि बेताचा वेग, म्हणून एवढ्यात भागतं. 2023 मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रोची 100 प्रवाशांची बोट बॅटरीवर 8 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटरनेच जाते. तिच्यात लिथियम टायटनेट बॅटऱ्या आहेत. त्या जड आणि महाग असतात, पण लवकर चार्ज होतात आणि उष्णतेच्या बाबतीत जास्त भरवशाच्या असतात.

तुमच्या बोटीत अशी बॅटरी नसते, पण प्रॉप बदलणं तुमच्या हातात आहे. आणि तो बोटीतल्या सर्वात स्वस्त भागांपैकी एक आहे. त्यामुळे 3एस बॅटरी कार्टमध्ये टाकणार असाल, तर सोबत एक नंबर लहान प्रॉपही टाका.