लोकरीतले भय

गोंडस म्हणजे निरागस, हे समीकरण जपानी लघु अ‍ॅनिमेशनपटांपुढे टिकत नाही. तोमोकी मिसातो यांची २०२१ची ‘पुई पुई मोलकार’ पाहावी. जेमतेम पावणेतीन मिनिटांचे १२ भाग, लोकरीच्या गिनीपिग-मोटारी, आवाजही खऱ्या गिनीपिगचा; संवाद जवळजवळ नाहीतच. पहिल्याच भागात वाहतूक तुंबते, रुग्णवाहिका अडकते आणि खोळंब्याचे कारण निघते मोबाइलमध्ये गुंगलेला वाहनचालक. दुसऱ्यात बँक लुटारू. त्या मऊ, बोलक्या डोळ्यांच्या मोटारीला पिस्तुलाचा धाक दाखवला की हसू येते आणि श्वासही अडतो. वात्सल्य इथे भयाला सौम्य करत नाही, उलट धार लावते. (रसांच्या कप्पेबंद चर्चेत हे बसवणे अवघडच.) माणसे मात्र, बहुधा हेतुपुरस्सर, मोटारींइतकी गोंडस ठेवलेली नाहीत.