सवलत एका हाताने, बढती दुसऱ्या हाताने

'पदोन्नतीचे नियम सर्वांना सारखेच आहेत, त्यात स्त्री-पुरुष हा प्रश्न येतोच कुठे?' हा सवाल प्राध्यापकांच्या खोलीत हमखास ऐकू येतो. तो करणारे बहुधा वरच्या पायरीवर पोहोचलेले असतात. नियम सारखे आहेत, हे आम्हांस मान्यच आहे. आमचा आक्षेप नेमका त्या सारखेपणालाच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. अनिवार्य आहे. महाविद्यालयात त्यापुढे प्राध्यापक व्हायचे तर किमान दहा शोधनिबंध आणि ११० संशोधनगुण हवेत. याच आयोगाने २०१६ साली पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना सहा वर्षांच्या कमाल मुदतीवर दोन वर्षे वाढवून दिली, शिवाय बाळंतपण व संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. सवलत योग्यच आहे. पण स्त्रीला संशोधनासाठी अधिक काळ लागू शकतो, हे एका विनियमात मान्य करणारा आयोग बढतीच्या विनियमात ते सपशेल विसरतो. प्रबंधाची मुदत दोन वर्षांनी लांबली की बढतीची तारीखही तितकीच लांबते, आणि मागाहून रुजू झालेला सहकारी पुढे निघून जातो. वर 'बाईंचं संशोधनाकडे जरा दुर्लक्षच झालं' हा शेरा आहेच.

दुर्लक्ष का झाले, हे कोणत्याही मराठी विभागात जाऊन पाहावे. मराठी भाषा गौरव दिन, भित्तिपत्रक, पाहुण्यांचे स्वागत, सूत्रसंचालन, नॅकची समिती येणार म्हणून रांगोळीपासून फायलींपर्यंतची धावपळ, सारे बाईंकडे. कारण काय, तर 'त्यांना ते छान जमतं!' या कौतुकाइतका वेळखाऊ शब्दप्रयोग मराठीत दुसरा नसेल. २०१८ च्या विनियमांत वर्गाबाहेरच्या सात प्रकारच्या कामांपैकी तीन केली की 'चांगले' ही श्रेणी मिळते. चौथे, पाचवे केले तर त्याचे मोल शून्य. शोधनिबंधाचे गुण मात्र साठत जातात. (त्यांतले किती निबंध कोणी वाचतो, हा विषय निराळा.)

व्यासपीठावरची ही वाटणी साहित्यव्यवहाराला नवी नाही. १८७८ मध्ये न्या. रानडे यांच्या अध्यक्षतेने सुरू झालेल्या साहित्य संमेलनाला कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिली स्त्री अध्यक्ष लाभली ती १९६१ साली. २०२५ च्या ९८व्या संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर यांना धरूनही ही संख्या सहाच भरते. निवेदिका मात्र कधी कमी पडल्या नाहीत.

आमचे मागणे दयेचे नाही. प्रबंधासाठी घेतलेली सवलतीची वर्षे बढतीची तारीख ठरवताना वजा करावीत. समित्यांच्या कामालाही साठणारे गुण द्यावेत. विभागातील कामांची पाळी लावावी, आणि येत्या २७ फेब्रुवारीचे सूत्रसंचालन विभागप्रमुखांनी करावे, मग ते त्यांना जमो वा न जमो.