टाकीत अजून एक मासा मावेल का?

संध्याकाळी दिवे लागले, की सहा फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर उभ्या राहिलेल्या मालकाला एकच गोष्ट खुपते. आत जागा फार मोकळी दिसते. सहा-सात मासे एवढ्या पाण्यात कुठल्या कुठे हरवतात. पाण्याची तपासणी करावी तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दुकानात पिवळाधमक सर्जनफिश नुकताच आलेला असतो आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘‘अजून चार आरामात बसतील.’’ मालकालाही तेच ऐकायचे असते.

हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, तेव्हा रंगीत सागरी मासे पाहायला मुंबईकरांना तिथे जावे लागे. आज अशा मोठ्या टाक्या हॉटेलांच्या दालनांत, कार्यालयांत आणि घरांच्या बैठकीच्या खोल्यांतही दिसतात. हौस वाढली, मात्र टाकीची क्षमता ठरवण्याची पद्धत अजूनही बरीचशी नजरेच्या अंदाजावर आणि शून्य अमोनियाच्या भरवशावर चालते. ही पद्धत चुकीची आहे. टाकीत किती मासे राहू शकतात हे तिच्या चांगल्या दिवसावरून नव्हे, तर तिच्यावर येऊ शकणाऱ्या सर्वांत वाईट रात्रीवरून ठरवायला हवे.

आधी पाण्याचा हिशेब करू. १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी टाकी कागदावर ६४८ लिटरची भरते. पण पाणी काठोकाठ नसते, तळाशी वाळू असते, मधे खडक रचलेले असतात. प्रत्यक्षात पाणी जेमतेम ५०० लिटर उरते. म्हणजे मासे आणण्यापूर्वीच सुमारे पाचव्या हिश्शाहून अधिक टाकी कमी झालेली असते. खालच्या फिल्टरच्या टाकीतले पाणी यात मिळवता येते, पण पंप बंद पडला की त्या पाण्याचा वरच्या माशांना काही उपयोग राहत नाही.

त्यानंतर येतो ‘एका इंचाला इतके गॅलन’ हा जुना ठोकताळा. तो सोपा आहे म्हणून टिकला, बरोबर आहे म्हणून नव्हे. माशाची लांबी दुप्पट झाली, की त्याचे वजन दुप्पट न होता साधारण आठपट होते, कारण तो लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही अंगांनी वाढतो. ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घराघरात पोहोचलेली डोरी म्हणजे निळा सर्जनफिश. दुकानात तो सात सेंटिमीटरचा असताना मिळतो. पूर्ण वाढल्यावर २८-३० सेंटिमीटरचा होऊ शकतो. लांबी चौपट, म्हणजे वजन सुमारे ६४ पट. खाणे, श्वास आणि विष्ठा यांचा हिशेब वजनाच्या मागोमाग चालतो. टाकीत आज सोडलेला मासा आणि तीन-चार वर्षांनी तिथे असणारा मासा यांना एकच मासा म्हणून मोजणे ही ठोकताळ्याची मोठी चूक आहे.

आता शून्य अमोनियाकडे वळू. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. खडकांवर आणि फिल्टरमध्ये वाढलेले सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे सूक्ष्मजीव जेवढे अन्न मिळते तेवढेच वाढतात. त्यामुळे जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया शून्यच असणार. त्या शून्याचा अर्थ इतकाच, की आजच्या माशांचा भार आजचे सूक्ष्मजीव उचलत आहेत. उद्याचा जास्तीचा भार ते उचलतील का, हे त्या चाचणीत दिसत नाही. घरखर्च भागतो आहे म्हणून बँकेत शिल्लक आहेच असे होत नाही, तसेच हे आहे.

सूक्ष्मजीव वाढतात, पण सावकाश. चार मासे एकदम सोडले, तर मधले काही दिवस अमोनिया साचू शकतो. खाऱ्या पाण्यात तो अधिक घातक ठरतो. समुद्राच्या पाण्याचा सामू म्हणजे पीएच ८.१ ते ८.३ असतो. तिथे अमोनियाचा विषारी, मुक्त अंश हा सात पीएचच्या गोड्या पाण्याच्या तुलनेत साधारण दहापट असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत खपून गेलेली चूक इथे खपेलच असे नाही.

खरी मर्यादा मात्र बहुतेक वेळा प्राणवायूची असते. २६ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. म्हणजे ५०० लिटरच्या टाकीत प्राणवायूचा सगळा साठा साडेतीन ग्रॅमहूनही कमी. समजा, माशांचे एकूण वजन एक किलो आहे आणि ते तासाला ०.३ ग्रॅम प्राणवायू वापरतात. सूक्ष्मजीव, खडकांवरचे इतर जीव आणि अंधारात शेवाळ मिळून तेवढाच वापर करतात असे धरू. पाण्याची हालचाल थांबली, तर प्राणवायू लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या धोक्याच्या पातळीवर यायला तीनेक तास लागतील. माशांचे वजन दीड किलो केले, तर तीच पातळी अडीच तासांवर येते. पृष्ठभागातून थोडा प्राणवायू येत राहतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे मागेपुढे होतील. पण मासे वाढवले की संकटाच्या वेळी हाताशी असलेला अवधी घटतो, हे बदलत नाही.

आणि संकट काही दुर्मीळ नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली. काही भागांत ती परत यायला अनेक तास लागले. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. मे महिन्यात पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला, की दुहेरी फटका बसतो : कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांची त्याची गरज मात्र वाढते. एखादा मासा खडकामागे मरून रात्रभर कुजत राहिला, तरी तोच परिणाम. पाच दिवस गावाला गेलेल्या मालकाला यातले काहीच कळत नाही.

तिसरा हिशेब नायट्रेटचा. ते अमोनियाइतके विषारी नसते, पण साचत जाते. समजा, टाकीत दर आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते आणि मालक न चुकता १० टक्के पाणी बदलतो. बदललेल्या पाण्याबरोबर एक-दशांशच नायट्रेट बाहेर जाते. त्यामुळे पातळी चढत चढत शेवटी ५० मिलिग्रॅमजवळ स्थिरावते. मासे आणि त्यांचे खाणे वाढवून हीच वाढ आठवड्याला ८ मिलिग्रॅम झाली, तर पातळी ८० जवळ जाऊन थांबते. हे व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून ‘मासे सोडून दोन महिने झाले, काहीच झाले नाही’ हा दाखला फारसा कामाचा नसतो.

पाणी स्वच्छ, प्राणवायू भरपूर, तरीही जागा नाही, असेही होऊ शकते. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयाने सप्टेंबर २००४ मध्ये एक छोटी पांढरी शार्क मादी सुमारे ३८ लाख लिटरच्या टाकीत ठेवली. ती १९८ दिवस जगली, खात राहिली, वाढत राहिली. पण तिने सोबतच्या दोन सूपफिन शार्कना चावे घेतले, त्यात ते मेले. मार्च २००५ अखेर तिला समुद्रात सोडण्यात आले. त्या टाकीत ना पाणी कमी होते, ना फिल्टर, ना तज्ज्ञ. सहा फुटी टाकीत हेच लहान प्रमाणात घडते. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखे धारदार काटे असतात. त्याचे नावच त्यावरून पडले. आधीपासून राहणारा सर्जनफिश आपल्यासारख्याच नव्या माशाला कोपऱ्यात दाबून धरतो. समुद्रात हरलेला मासा निघून जातो. टाकीत त्याला जायला दुसरीकडे वाट नसते.

भेदरलेला, उपाशी मासा आजारीही लवकर पडतो. सागरी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी तळाशी जाऊन फुटतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. थोड्या वेळात यजमान मासा सापडला नाही, तर ती मरतात. अथांग समुद्रात बहुतेकांचे असेच होते. गच्च भरलेल्या टाकीत मात्र प्रत्येकाला मासा मिळतो. गर्दीत साथ वेगाने का पसरते, हे माणसांना निराळे सांगायला नको.

अनुभवी मत्स्यपालकांचा यावर एक वाजवी आक्षेप असतो. दमदार स्किमर, मोठा फिल्टर, शेवाळाची वेगळी टाकी आणि नियमित देखभाल असेल, तर ठोकताळ्यापेक्षा बरेच जास्त मासे वर्षानुवर्षे निरोगी राहतात. ते खरे आहे. प्रवाळांनाही थोडे नायट्रेट लागतेच, त्यामुळे पाणी निर्जंतुक असण्याचा अट्टहास चुकीचा. पण यंत्रांनी वाढवलेली क्षमता ही यंत्रे चालू असेपर्यंतचीच असते. यंत्राच्या जोरावर ज्याने दुप्पट मासे ठेवले, त्याला ते यंत्र बंद पडण्याची तयारीही दुप्पट ठेवावी लागते. ही दुसरी बाजू मासे विकताना सहसा सांगितली जात नाही.

म्हणून नवा मासा आणण्यापूर्वी काही गोष्टी पडताळून पाहायला हव्यात. नायट्रेट महिनाभर दर आठवड्याला मोजून ते वाढते आहे की स्थिर आहे, हे पाहावे. पीएच आणि शक्य असेल तर प्राणवायू पहाटे, दिवे लागण्यापूर्वी मोजावा. रात्रभर सगळेच जीव श्वास घेत असल्याने टाकीची खरी तब्येत त्या वेळी कळते. पहाटेचा पीएच संध्याकाळच्या मानाने फार खाली येत असेल, तर हवेची देवाणघेवाण आताच अपुरी असण्याची शक्यता आहे. टाकीसमोर बसून, लक्ष ठेवून अर्धा तास पंप बंद करून पाहावा. तेवढ्यात मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर पंप लगेच सुरू करावा. उत्तर मिळालेले असते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात आहे का आणि मालक नसताना तो लावणारे कोणी आहे का, हेही तपासावे. सगळ्या माशांची पूर्ण वाढीची लांबी लिहून काढावी. एवढे करून जागा आहे असे वाटले, तर एकच मासा आणावा, त्याला चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत विलगीकरणात ठेवावे आणि तो मोठ्या टाकीत स्थिरावल्यावरच पुढचा विचार करावा.

यात घाई नको, याला आणखी एक कारण आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी शेततळ्यांत आणि टाक्यांत पैदास केलेले असतात. सागरी शोभेच्या माशांच्या बहुतेक जाती मात्र आजही थेट प्रवाळ खडकांतून पकडल्या जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेली, सायनाइड फवारून मासे बधिर करण्याची पद्धत त्या खडकांनाही मारते. चित्र हळूहळू बदलते आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. तरीही काचेमागचा प्रत्येक जास्तीचा मासा बहुधा कुठल्या तरी खडकातून कमी झालेला असतो, आणि तो टाकीत चार महिन्यांत मेला तर त्याच्या जागी दुसरा पकडला जातो.

मुंबईच्या लोकलमध्ये सगळे थोडे थोडे सरकतात आणि आणखी एकाला जागा होते, कारण पुढच्या स्थानकावर उतरता येणार असते. माशाला ती सोय नाही. मोठी टाकी थोडी रिकामी दिसणे हा तिच्यातला दोष नव्हे. ती मोकळी जागा म्हणजे वीज गेलेल्या रात्री माशांना पहाटेपर्यंत पुरणारा श्वास आहे. तो आधीच खर्च करून टाकायचा का, एवढाच प्रश्न मालकापुढे असतो. शंका असेल, तर मासा दुकानातच राहू द्यावा.