अठ्ठ्याण्णव टक्के आणि उरलेले दोन

अठ्ठ्याण्णव टक्के म्हटले की आपल्याकडे पेढे वाटतात. उरलेले दोन कुठे गेले, असं विचारणारं माणूस त्या दिवशी घरात कुणालाच नको असतं. आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे मला मात्र तेच विचारायची खोड आहे. आज ती खोड जहाजांवर चालवणार आहे. बी.ए.ला माझा विषय मराठी, त्यामुळे जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

माझा भाचा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रो टेक्निकल ऑफिसर आहे. म्हणजे जहाजावरची वीज त्याच्या ताब्यात. सुट्टीवर आला की, "मावशी, नवीन कन्व्हर्टर अठ्ठ्याण्णव टक्के कार्यक्षम आहेत!" असं कौतुकाने सांगतो. त्याच्याकडून आणि थोडं स्वतः वाचून जे समजलं, ते असं.

आजच्या कित्येक मोठ्या जहाजांत इंजिन थेट पंखा फिरवत नाही. इंजिनं जनित्रं फिरवतात, जनित्रं वीज तयार करतात आणि त्या विजेवर मोटर पंखा फिरवते. आता जनित्राची वीज एका ठरावीक वारंवारतेची, आणि पंखा तर बंदरात हळू, समुद्रात जोरात फिरायला हवा. म्हणून मध्ये कन्व्हर्टर बसतो. मिळालेली वीज तो हवी तशी घडवून मोटरला देतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सराफाची आटणी-घडणी. आणि घडणीत घट ही आलीच.

ही घट केवढी? क्वीन मेरी २ या प्रवासी जहाजाला २१.५ मेगावॅटच्या चार मोटरी आहेत. एका मोटरमागे समजा दोनच टक्के वीज वाया गेली, तरी ती ४३० किलोवॅट होते. म्हणजे दोन किलोवॅटचे २१५ गीझर एका बंद लोखंडी खोलीत सतत चालू! ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा पंप, पुन्हा वीज. त्यामुळे अर्ध्या टक्क्यासाठी डोकं फोडणाऱ्या इंजिनिअरांना मी हसणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. कार्यक्षमता मोजायची कुणाची? यंत्राची की जहाजाची?

समुद्राचं पाणी खेचणारा पंप घ्या. त्याला कन्व्हर्टर जोडला तर तो शंभरातली तीन-चार टक्के वीज स्वतः खातो. पण अशा पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. म्हणजे स्वतः थोडं खाणारा घराला पुष्कळ वाचवून देतो.

आता उलटी बाजू पाहू. साध्या डायोडचा रेक्टिफायर स्वतः फार थोडं खातो, त्याची टक्केवारी देखणी दिसते. पण तो जनित्राच्या गुळगुळीत लाटेचे लचके तोडतो. त्यातून मूळ वारंवारतेच्या पाचपट, सातपट अशा नको असलेल्या लहरी उठतात. यांना हार्मोनिक म्हणतात. गाणं ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिकच. मैफिलीत ज्यामुळे अंगावर काटा येतो, त्याच जातीच्या लहरीमुळे जहाजावरच्या इतर मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतात. एकाचे गुण वाढले, त्याची किंमत शेजाऱ्यांनी मोजली. ट्रान्झिस्टरवर चालणारे अधिक स्वच्छ रेक्टिफायर मिळतात, पण ते महाग आणि स्वतः जरा जास्त खाणारे. तक्त्यात त्यांचे गुण कमी दिसतात.

कन्व्हर्टरने केलेला हा कचरा गाळायला फिल्टर बसवतात. इथेच क्वीन मेरी २ ची गोष्ट येते. २३ सप्टेंबर २०१० च्या पहाटे हे जहाज बार्सिलोनाजवळ येत असताना मागच्या हार्मोनिक फिल्टरच्या खोलीत स्फोट झाला. चारही मोटरी बंद पडल्या आणि पाठोपाठ सगळं जहाज अंधारात गेलं. आपत्कालीन जनित्र आपोआप सुरू झालं. जवळपास खडक किंवा दुसरं जहाज नव्हतं, कुणाला इजा झाली नाही आणि तासाभरात जहाज पुन्हा मार्गाला लागलं. नशीब म्हणायचं.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली. फिल्टरमधला एक कपॅसिटर हळूहळू खराब होत गेला होता. तशी खराबी होऊ लागली तर सूचना देणारी एकच यंत्रणा तिथे होती, आणि ती बहुधा कित्येक वर्षं बंदच होती! गजर वाजत नव्हता, म्हणून सारं आलबेल वाटत होतं.

वर्गात हे मी रोज पाहत होते. "कुणाला शंका?" विचारलं की सगळे चूप. पण शंका नाही म्हणजे समजलं, असं नसतं. खरं कळायचं ते फळ्यापाशी बोलावून गणित करायला लावल्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं की कन्व्हर्टरच्या प्रगतिपुस्तकात टक्क्यांशेजारी आणखी दोन रकाने हवेत. एक, याच्यामुळे बाकीच्या जहाजाला काय सोसावं लागतं? दोन, याचं दुखणं वेळेवर कळतं का, आणि ते कळवणारा पहारेकरी जागा आहे हे कसं कळतं? रेल्वेच्या सिग्नलचं तत्त्व इथेही लावता येईल. तिथे यंत्रणेत बिघाड झाला तर सिग्नल लाल व्हावा अशी रचना असते. तशी पहारेकऱ्याची तार तुटली तर तोच गजर समजला जावा.

यावर भाचा म्हणतो, प्रत्येक जादा यंत्रणेला पैसा लागतो, जागा लागते आणि तीही बिघडू शकते. खरं आहे. पण मग निदान दर महिन्याला तपासता येईल इतकी सोपी तरी ती करा. त्या अपघातानंतर जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने फिल्टर असलेल्या जहाजांवर हार्मोनिकची पातळी सतत दिसत राहावी असा नियम केला. शहाणपण आलं, पण स्फोटानंतर.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी आपल्या नौदलासाठी विजेवर चालणारी प्रणोदन यंत्रणा तयार करण्याबाबत इरादापत्रावर सह्या केल्या. म्हणजे हे कन्व्हर्टर उद्या आपल्या जहाजांच्या पोटात असतील, आणि त्यांच्यावरच्या डेकवर आपल्या घरांतली मुलं झोपलेली असतील. ती यंत्रं बनवणाऱ्यांना अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे पेढे जरूर द्यावेत. त्याआधी उरलेल्या दोन टक्क्यांचा हिशेब मात्र मागून घ्यावा.

असो. बाईंचा तास संपला!