हत्याराचा मान

खंडेनवमीला आपल्या घरांतील विळी, कातर, शिवणयंत्र, इतकेच काय पण अंगणातली सायकलसुद्धा पुसूनधुऊन हळदकुंकवाची धनी होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदूनही हा रिवाज आम्ही सोडलेला नाही. परंतु हत्याराचा खरा मान त्या एका दिवसाच्या फुलात नसून उरलेल्या दिवसांच्या निगेत असतो. आज ज्या हत्याराविषयी लिहावयाचे योजले आहे ते घरातले नव्हे, दंतवैद्याच्या हातातले आहे. तथापि त्याच्या निगेशी आपल्या सर्वांच्या तोंडाचा संबंध पोहोचतो.

किडलेली दाढ ज्या यंत्राने कोरतात त्यास हँडपीस म्हणतात. अमेरिकेतील जेम्स मॉरिसन यांनी १८७१ साली पायाने चालवावयाच्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. शिवणयंत्राप्रमाणे पाय मारावा आणि कोरणी फिरावी. १९५७ साली डॉ. जॉन बोर्डन यांचा एअरोटर आला आणि कोरणी दाबलेल्या हवेने फिरू लागली. आजचा एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. त्याच्या इवल्याशा डोक्यातील टर्बाइन मोहरीएवढ्या गोळ्यांच्या बेअरिंगवर तोललेले असते. एवढ्या वेगात धुळीचा कण किंवा वाळलेल्या लाळेचा थर तिथे शिरला तर बेअरिंगचे आयुष्य किती उरणार?

बेल्लमपल्लीसारख्या गावी हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात मोडणारे, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे हे कोळशाच्या खाणींचे गाव. महानगरात एक हँडपीस बिघडला तर शेजारच्या दुकानातून दुसरा आणता येतो. लहान गावात तो दुरुस्तीसाठी हैदराबादेस धाडावयाची पाळी आली, की दाढ धरून बसलेल्या रुग्णाला तो परत येईपर्यंत कळ सोसावी लागते.

यातूनच एक घातक मोह उत्पन्न होतो. ‘वारंवार ऑटोक्लेव्हमध्ये घातले की यंत्र लवकर झिजते, तेव्हा स्पिरिटने पुसले म्हणजे झाले,’ असा हिशेब काही ठिकाणी मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. हँडपीस थांबताना रुग्णाची लाळ आणि रक्त त्याच्या आतल्या नळ्यांत ओढले जाऊ शकते. बाहेरून पुसल्याने ते निघत नाही. मग एकाचा रोग दुसऱ्याच्या तोंडी जाण्याचे भय राहते. उष्णतेने थोडी झीज होते हे खरे. परंतु आत घाण तशीच ठेवून, तेलाचा थेंब न घालता तापविणे हेच बेअरिंगचा घात करते. यंत्र वाचविणे आणि रुग्ण वाचविणे या दोन गोष्टींत विरोध नाही. दोन्हींचा मार्ग एकच आहे.

तो मार्ग असा. रुग्ण उठताच वीस-तीस सेकंद हँडपीसमधून पाणी व हवा सोडावी. मग बाहेरचा भाग मऊ ब्रशने धुऊन कोरडा करावा. औषधी पाण्यात बुडवून मात्र ठेवू नये. हवेच्या नळीत निर्मात्याने सांगितलेले तेल सोडून, बर लावूनच तो काही क्षण फिरवावा, म्हणजे काळपट तेल बाहेर पडते. स्वच्छ तेल येऊ लागले की आतली घाण गेली असे समजावे. नंतर बर काढून, हँडपीस पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर त्याला आपोआप निवू द्यावे; घाईने थंड पाण्याखाली धरू नये. काही हँडपीसना तेल चालत नाही, म्हणून सोबतची पुस्तिका आधी वाचावी.

हवेकडेही लक्ष हवे. काँप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज काढून टाकावे, पावसाळ्यात तर विसरूच नये. नाहीतर ओलसर हवा बेअरिंगला गंज चढविते. जिथे वाऱ्याबरोबर कोळशाची भुकटी उडते तिथे काँप्रेसर रस्त्याकडेला ठेवू नये आणि त्याची गाळणी वेळच्या वेळी बदलावी. हवेचा दाब ठरल्यापेक्षा वाढविला तर काम झटपट उरकल्यासारखे वाटते, पण यंत्र अकाली म्हातारे होते.

आपल्या वाचककुटुंबांतील कितीतरी मुलेमुली आज दंतवैद्यकाकडे वळत आहेत. नवा दवाखाना थाटताना एकच महागडा हँडपीस घेण्याऐवजी साधे पण चांगले तीन-चार घ्यावेत, असे आम्ही त्यांना सुचवू. एक कामात, एक ऑटोक्लेव्हमध्ये आणि एक पाकिटात तयार असला, म्हणजे घाई होत नाही आणि निगेला वेळ मिळतो. आणि आपण जे रुग्ण म्हणून खुर्चीत बसतो, त्यांनी ‘डॉक्टर, हे बंद पाकिटातून काढलेले आहे ना?’ असे विचारण्यात संकोच मानू नये. आपल्या हत्याराची निगा राखणाऱ्या वैद्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. उलट तो आनंदाने पाकीट आपल्यासमोर फाडून दाखवील.